विहीर त्यांची, शेजार आमचा

आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारात प्रकल्पाशेजारच्या लोकांच्या मतासाठी दोनच शब्द आहेत. विरोध कमी असेल तर ‘स्थानिकांच्या भावना’ आणि जास्त असेल तर ‘स्थानिकांमधील गैरसमज’. भावनांची नोंद घेतली जाते, गैरसमज दूर केले जातात. लोकांना काही समजलेही असेल, या शक्यतेसाठी तिथे शब्दच नाही.

जिथे जमिनीतून नैसर्गिक वायू काढला जातो तिथल्या रहिवाशांना त्याचे पर्यावरणावरचे आणि गावगाड्यावरचे परिणाम कसे दिसतात, याचा अभ्यास गेली सुमारे पन्नास वर्षे चालू आहे. अमेरिका, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया इथे या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. भारतात त्या मानाने कमी, पण अनुभव मात्र भरपूर आहे. या सगळ्या लेखनातला मूळ तिढा एकच: रहिवाशाला जे जाणवते आणि यंत्र जे मोजते, त्यांत अंतर पडले तर चुकले कोण? या वादाचा आज मुक्काम कुठे आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न.

आधी गॅसचे एक वेगळेपण लक्षात घेऊ. कोळशाची खाण दिसते, तिची धूळ अंगावर बसते. चंद्रपूरच्या माणसाला ती कुठे आहे हे सांगावे लागत नाही. गॅसचा कारभार उलटा. खोदाईच्या काळात काही आठवडे किंवा महिने ट्रकची रांग, रात्रभर दिवे, जनरेटरचा घरघराट, अधूनमधून आकाशात उठणारी ज्वाला. मग माणसे निघून जातात आणि मागे उरतो कुंपणातला एक तुकडा, त्यात नळ्या आणि झडपांचा पुरुषभर उंचीचा मनोरा. पुढची वीस-तीस वर्षे जे घडते ते जमिनीखाली. त्यामुळे रहिवाशाला काय दिसते, हे त्याला कोणत्या महिन्यात विचारले यावरही ठरते. या विषयातल्या निम्म्या मतभेदांचे मूळ इथेच आहे.

गिलेट गावापासून

या अभ्यासाची सुरुवात १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत, वायोमिंग राज्यात झाली. खनिज इंधनाच्या तेजीत गिलेट नावाचे छोटे गाव बघता बघता फुगले. एलडीन कोर्स या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तिथल्या हालांचे वर्णन केले: दारू, नैराश्य, मुलांची गुन्हेगारी, घटस्फोट. ‘गिलेट सिंड्रोम’ हे नाव तेव्हापासून रुजले आणि तेजीच्या गावांचा अभ्यास ही एक शाखाच होऊन बसली.

पण १९८२ मध्ये केनेथ विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साहित्याची झडती घेतली. निष्कर्ष ठाम असले तरी पुरावा पातळ आहे, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे पश्चिम अमेरिकेतल्या चार गावांकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हापुन्हा जाऊन केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला. तेजीच्या ऐन भरात लोकांचे समाधान आणि एकमेकांवरचा विश्वास घसरतो, पण नंतर तो बऱ्याच अंशी सावरतो, असे त्यात दिसले. एकदाच विचारून निकाल लावू नये, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तो किती जणांनी घेतला, हा वेगळा प्रश्न.

ग्रोनिंगेन: तीन किलोमीटर खाली

रहिवाशांची जाणीव आणि तज्ज्ञांचे मोजमाप यांची सर्वांत लांबलेली लढाई नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगेन प्रांतात झाली. १९५९ मध्ये स्लोख्तरेनजवळ तिथे जगातल्या सर्वांत मोठ्या वायुसाठ्यांपैकी एक सापडला आणि १९६३ पासून उत्पादन सुरू झाले. काम ‘नाम’ या कंपनीकडे, म्हणजे शेल आणि एक्सॉन यांच्या भागीदारीकडे होते, आणि नफ्याचा मोठा वाटा सरकारकडे. देशभरातल्या स्वयंपाकघरांत नळीचा गॅस आला. पुढच्या साठ वर्षांत डच सरकारला या साठ्यातून सुमारे ३६० अब्ज युरो आणि दोन्ही कंपन्यांना मिळून सुमारे ६५ अब्ज युरो मिळाले, असा हिशेब संसदीय चौकशीने नंतर मांडला.

२६ डिसेंबर १९८६ रोजी जवळच्या असेन शहरात २.८ तीव्रतेचा धक्का बसला. ज्या भागात भूकंप ठाऊकच नव्हता तिथे तो कसा आला? असेनचे भूगोलतज्ज्ञ मेंट फान डर स्लाऊस यांचे म्हणणे होते की कारण गॅस उपसा हेच आहे. त्यांची टिंगल झाली. उपशाचा आणि धक्क्यांचा संबंध अधिकृतपणे मान्य व्हायला १९९३ उजाडले, आणि मान्य झाल्यावरही धक्के किरकोळच राहतील असा दिलासा सोबत होताच.

१६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री हाउझिंगे गावाखाली ३.६ चा धक्का बसला. कोयनेच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. पण ग्रोनिंगेनचे धक्के जेमतेम तीन किलोमीटर खोलीवरून येतात, वरची जमीन मऊ चिकणमातीची आणि घरे विटांची. हा हादरा सहन करायला ती बांधलेलीच नव्हती. (‘धक्के माणसामुळे की नाही’ हा वाद आपल्याला नवा नाही. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरण आणि भूकंप यांच्या नात्यावर महाराष्ट्रात किती शाई खर्च झाली, ते जुन्या वाचकांना आठवेल.) जानेवारी २०१३ मध्ये डच खाण नियंत्रकांनी उपसा लवकरात लवकर कमी करा असा सल्ला दिला. त्याच वर्षी उपसा वाढून सुमारे ५४ अब्ज घनमीटरवर गेला, कित्येक वर्षांतला सर्वांत जास्त. रहिवाशांच्या मनात सरकारबद्दल जे बसले ते त्या एका आकड्याने जितके बसले तितके कोणत्याही धक्क्याने नसेल. २०१५ मध्ये तिथल्या सुरक्षा मंडळाच्या अहवालाने लिहून दिले की २०१३ पर्यंत उपशाच्या निर्णयांत रहिवाशांची सुरक्षितता हा मुद्दा विचारातच नव्हता.

पण ग्रोनिंगेनचे खरे शिक्षण भूकंपाबद्दल नाही. भेगांबद्दल आहे.

मुंबईच्या जुन्या इमारतीत राहिलेल्या माणसाला भिंतीतल्या भेगेवर आडवी चिकटवलेली काचेची पट्टी माहीत असते. इंजिनिअर येतो, पट्टी लावतो, तारीख टाकून जातो. काच तडकली तर भेग अजून चालू आहे आणि शाबूत राहिली तर जुनी आहे. घरातली माणसे मग येता-जाता त्या काचेकडे बघत राहतात. ग्रोनिंगेनमध्ये हजारो घरांत नेमका हाच प्रश्न होता: ही भेग धक्क्याची, की जमीन दबल्याची, की घर जुने झाल्याची? पाहणी करणारा तज्ज्ञ कंपनीने नेमलेला. त्याचे मत पटले नाही तर दुसरा तज्ज्ञ, मग तिसरा. काही शेतघरांना बाहेरून लाकडी ओंडक्यांचे टेकू दिले गेले आणि तात्पुरते म्हणून लावलेले टेकू वर्षानुवर्षे तसेच उभे राहिले. एकाच रस्त्यावर एका घराचे मजबुतीकरण होणार आणि शेजारच्याचे नाही, कारण मधल्या काळात तपासणीचे निकष बदलले. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट आले ते गॅसमुळे नव्हे, निकषांमुळे.

ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ पासून इथल्या रहिवाशांची वारंवार पाहणी केली. ज्यांच्या घराचे एकापेक्षा जास्त वेळा नुकसान झाले त्यांच्यात ताण आणि ताणातून येणाऱ्या आजारांच्या तक्रारी अधिक आढळल्या. हा ताण धक्क्यांइतकाच, किंबहुना जास्त, भरपाईच्या लांबलचक प्रक्रियेतून येत होता. हा निष्कर्ष मला या सगळ्या साहित्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लोकांना पर्यावरणाची हानी आणि सामाजिक हानी अशी दोन खाती वेगळी दिसत नाहीत. भिंतीची भेग आणि तिचा पंचनामा हे त्यांच्या दृष्टीने एकच प्रकरण असते.

२०१६ च्या अखेरीस डच कायद्याने पुराव्याचे ओझे फिरवले: या भागातले अशा प्रकारचे नुकसान उपशामुळेच झाले असे गृहीत धरायचे आणि नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. जानेवारी २०१८ मध्ये झेरेइप इथे ३.४ चा धक्का बसला आणि तीन महिन्यांच्या आत सरकारने उपसा पूर्ण थांबवायचे ठरवले. युक्रेन युद्धामुळे २०२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा ग्रोनिंगेन पुन्हा मोकळे करा अशी मागणी युरोपभर झाली, तरी १ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्पादन थांबले आणि एप्रिल २०२४ मध्ये कायद्यानेही बंद झाले. फेब्रुवारी २०२३ मधल्या संसदीय चौकशीचा सारांश असा की ग्रोनिंगेनकरांच्या हिताकडे पद्धतशीर दुर्लक्ष झाले.

पेन्सिल्व्हेनिया: पाणी आणि रॉयल्टी

अमेरिकेतले चित्र एका कारणाने वेगळे आहे. तिथे जमिनीखालच्या खनिजाचा मालक खासगी माणूस असू शकतो. म्हणून गॅस कंपनीचा एजंट सरळ शेतकऱ्याच्या घरात येऊन बसतो, भाडेपट्ट्याचा कागद पुढे करतो. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याने मालकाला किमान आठव्या हिश्शाची रॉयल्टी दिली पाहिजे. २००८ च्या सुमारास मार्सेलस शेल या खडकातल्या गॅसची धावपळ सुरू झाली तेव्हा कित्येक दुग्धव्यावसायिक शेतकऱ्यांना या पैशाने तारले, हे मान्य केलेच पाहिजे. पुढे रॉयल्टीतून वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्च कापायचा का, यावरून तेच शेतकरी कोर्टात गेले, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे.

भाडेपट्टा दिलेल्यांचे मत अनुकूल आणि न दिलेल्यांचे प्रतिकूल, असे जेफ्री जॅकेट यांच्या उत्तर पेन्सिल्व्हेनियातल्या पाहणीत दिसले. त्यात नवल नाही. त्याहून मनोरंजक आहे तो घरांच्या किमतींचा अभ्यास. २०१५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ लुसिया म्युलेनबाक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गॅसविहिरीजवळच्या घरांपैकी ज्यांना स्वतःच्या विहिरीचे पाणी प्यावे लागते त्यांची किंमत घसरली, तर नळाचे सार्वजनिक पाणी येणाऱ्यांची थोडी वाढलीच. गॅसची विहीर तीच, अंतर तेच. फरक फक्त पाणी कुठून येते याचा. ‘हे लोक घाबरट आहेत’ किंवा ‘हे लोक लोभी आहेत’ या दोन्ही स्पष्टीकरणांपेक्षा हे एक कोष्टक जास्त सांगते.

पाण्याचा वाद सर्वांत गाजला तो डिमॉक गावात. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घराच्या पिण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण खात्याने कॅबट या कंपनीला जबाबदार धरले. २०१२ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने पाणी तपासून पुढील कारवाईची गरज नाही असे सांगितले. २०१६ मध्ये दुसऱ्या केंद्रीय आरोग्य संस्थेने तेच नमुने पाहून काही विहिरींतली द्रव्ये आरोग्याला घातक पातळीवर होती असा निर्वाळा दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या वारसदाराने फौजदारी खटल्यात आरोपांना आव्हान न देता तडजोड केली: गावाला नळयोजना आणि बाधित घरांचे ७५ वर्षांचे पाणीबिल.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. २०१० च्या ‘गॅसलँड’ या माहितीपटातले, नळाला काडी लावताच पाणी पेटण्याचे दृश्य जगभर पोचले. ते कोलोरॅडोतले आहे, आणि त्या विहिरीतला मिथेन नैसर्गिक कुजण्यातून आलेला, गॅस कंपनीचा नव्हे, असे तिथल्या नियंत्रकांनी तपासून सांगितले. म्हणजे पेटते पाणी दोन्हीकडे. एका ठिकाणी रहिवाशाचा संशय खरा ठरला, दुसऱ्या ठिकाणी नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते.

शास्त्रज्ञांचे तरी एकमत होते का? २०११ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटाने ६८ विहिरी तपासल्या. गॅसविहिरीच्या एक किलोमीटरच्या आत मिथेन सरासरी १७ पट जास्त निघाला, पण खडक फोडायला वापरलेल्या रसायनांचा माग लागला नाही. उलट २०१३ मध्ये सस्क्वेहाना परगण्यातल्या १,७०१ विहिरींच्या माहितीवरून दुसऱ्या गटाने मांडले की मिथेनचे प्रमाण गॅसविहिरींपेक्षा दरीतल्या जागेशी जास्त जुळते. तो तिथे आधीपासूनच आहे. आज बऱ्यापैकी मान्य झालेले चित्र मधले आहे: दीड-दोन किलोमीटर खोलवरच्या खडकफोडीतून गॅस सरळ वर येत नाही, तो येतो विहिरीच्या पोलादी नळीभोवतीचे सिमेंट नीट बसले नसेल तर. म्हणजे दोष तंत्राच्या नावात कमी आणि कारागिरीत जास्त. रहिवाशाला मात्र ‘फ्रॅकिंग’ या एका शब्दात सगळेच मावते, आणि तो शब्द प्रश्नावलीत वापरला की उत्तरे नकाराकडे झुकतात, हे पाहण्यांत वारंवार दिसले आहे.

आरोग्याचा पुरावा गेल्या काही वर्षांत वजनदार झाला आहे. २०१७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या ११ लाखांहून अधिक जन्मनोंदींवरून असे दिसले की विहिरीच्या एक किलोमीटरच्या आतल्या मातांची बाळे कमी वजनाची असण्याची शक्यता सुमारे एक चतुर्थांशाने वाढते. तीन किलोमीटरपलीकडे हा परिणाम दिसत नाही. २०२३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासांनी दम्याचे झटके आणि मुलांमधला लिम्फोमा यांचा संबंध दाखवला. मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. रहिवासी या तिन्ही गोष्टींबद्दल वर्षानुवर्षे बोलत होते. त्यांतल्या दोन या अभ्यासांनी उचलून धरल्या, एक नाही.

क्वीन्सलँडचे ‘चालवून घेणे’

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये कोळशाच्या थरांतला गॅस काढतात. चिंचिला, माइल्स, डॅल्बी या शेतीच्या गावांभोवती हजारो विहिरी झाल्या. खनिज सरकारचे असल्याने शेतकऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार जवळपास नाही, फक्त वाटाघाटीचा आहे. तेजीत चिंचिलातली घरभाडी कडाडली, गरीब भाडेकरू गावाबाहेर गेले. बांधकाम संपले तशी भाडी कोसळली आणि कर्ज काढून घरे घेतलेले अडकले.

‘सीएसआयआरओ’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये याच भागात पाहणी केली. ‘बाजूने की विरोधात’ असे न विचारता त्यांनी पाच पायऱ्या ठेवल्या: नाकारतो, चालवून घेतो, स्वीकारतो, पसंत करतो, मनापासून हवे आहे. बहुतेक लोक मधल्या पायऱ्यांवर निघाले, आणि गावात राहणाऱ्यांपेक्षा शेतवस्तीवरचे लोक जास्त नाराज. ‘चालवून घेतो’ हे उत्तर मराठी वाचकाला नीट कळेल. ते संमती नसते आणि विरोधही नसतो. कंपनीच्या अहवालात मात्र ते संमतीच्या बेरजेत जाऊन बसते, आणि आंदोलकांच्या पत्रकात दबलेल्या विरोधाच्या. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये लोकांनी स्वतःच रस्त्यारस्त्याने घरोघर फिरून कौल घेतले आणि पाट्या लावल्या. त्या पद्धतीवर शास्त्रीय आक्षेप पुष्कळ आहेत. तरी प्रश्न विचारणारा शेजारी असला की उत्तर वेगळे येते, एवढे त्यातून दिसलेच.

तीन दृष्टिकोन

हे सगळे समजावून घेण्याच्या ढोबळ तीन रीती आहेत. पहिली जोखमीच्या मानसशास्त्राची. पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये मांडले की सामान्य माणूस धोका मोजताना मृत्यूंची आकडेवारी बघत नाही. धोका किती अनोळखी, किती भयावह, आपल्या हाताबाहेरचा आहे का, हे बघतो. कंपन्यांना हा सिद्धांत आवडतो, कारण त्यातून ‘माहिती द्या, भीती जाईल’ असा सोपा उपाय काढता येतो. स्लोविक यांनी स्वतः तसे म्हटलेले नाही. लोकांच्या मोजमापात तज्ज्ञांच्या मोजमापातून सुटलेल्या गोष्टी असतात, असेच त्यांचे म्हणणे होते.

दुसरी रीत जागेच्या ओढीची. ‘माझ्या परसात नको’ म्हणणारे स्वार्थी, हा जुना शिक्का पॅट्रिक डिव्हाइन-राइट यांच्यासारख्या अभ्यासकांनी खोडला. माणसाचे गावाशी जे नाते असते त्याला बाधा आली की तो विरोध करतो. नात्याशी जुळणारा बदल तोच माणूस स्वीकारतो. तिसरी रीत विश्वासाची. विल्यम फ्रॉयडेनबर्ग यांनी १९९३ मध्ये मांडले की आधुनिक माणूस स्वतः काहीच तपासू शकत नाही, त्याला संस्थांवर विसंबावे लागते. म्हणून धोका जोखताना तो खरे तर संस्था आपले काम करील का, हे जोखत असतो.

माझा कल तिसऱ्या रीतीकडे आहे. ग्रोनिंगेन आणि डिमॉक तिनेच नीट उलगडतात. पण तिने सगळे सुटत नाही: संस्था चांगल्या असूनही विरोध होतो आणि संस्था मोडकळीला आलेल्या असूनही गावे गप्प राहतात.

इकडे, आपल्याकडे

गप्प राहण्याचे उत्तर शोधायचे तर आसामला जावे लागते. तिथे तेल आणि वायू ही एकोणिसाव्या शतकापासूनची ओळख आहे. डिगबोई शालेय पुस्तकातले नाव आहे. आसाम आंदोलनात ‘रक्त देऊ, पण तेल देणार नाही’ ही घोषणा होती. राग उत्खननावर नव्हता, आमचे तेल बाहेर जाते आणि आमच्या हाती काही उरत नाही, यावर होता.

२७ मे २०२० रोजी तिनसुकिया जिल्ह्यातल्या बागजान इथे ऑइल इंडियाच्या विहिरीतून गॅस अनावर उसळला. ९ जूनला त्याने पेट घेतला, दोन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले, आणि विहीर पुरती शांत व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. साडेपाच महिने. एकीकडे डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, दुसरीकडे मागुरी-मोटापुंग बिल ही पाणथळ जागा. हजारो लोक टाळेबंदीच्या दिवसांत शाळांमधल्या छावण्यांत होते, जिथे अंतर राखा म्हणून सांगितले जात होते. केळी-सुपारीच्या पानांवर, चहाच्या मळ्यांवर, तळ्यांच्या पाण्यावर विहिरीतून उडालेला तेलकट थर बसला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निवृत्त न्यायमूर्ती बी. पी. काटाके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, भरपाईसाठी घरांची वर्गवारी झाली, आणि वाद सुरू झाला तो वर्गवारीवर: कोणते घर कोणत्या यादीत? ग्रोनिंगेनची भेग आणि बागजानची यादी यांत फारसा फरक नाही.

दक्षिणेत दोन वेगळी चित्रे दिसतात. आंध्रातल्या कोनसीमा भागात १९९५ मध्ये पासरलापुडीची विहीर दोन महिन्यांहून अधिक जळत होती आणि २७ जून २०१४ रोजी नगरम गावात वायुवाहिनीच्या स्फोटात वीसहून अधिक माणसे गेली. उपशामुळे जमीन खचते, शेतातले पाणी निघत नाही, अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश खचतो आहे यावर दुमत कमी. पण धरणांत गाळ अडल्याने किती आणि वायू उपशाने किती, याची वाटणी झालेली नाही. तमिळनाडूच्या कावेरी खोऱ्यात याउलट मोठी दुर्घटना होण्याआधीच विरोध उभा राहिला. मन्नारगुडीच्या मिथेन प्रकल्पाविरुद्ध सेंद्रिय शेतीचे नम्माळवार अखेरपर्यंत फिरत राहिले आणि डिसेंबर २०१३ मध्ये वारले. २०१७ मध्ये नेडुवासल आणि कतिरामंगलम पेटले. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याने खोऱ्याला संरक्षित कृषी क्षेत्र घोषित करणारा कायदा केला. इथे लोकांनी धोका अनुभवला नव्हता, ओळखला होता. किंवा टीकाकारांच्या मते, वाढवून पाहिला होता. प्रकल्प झालाच नाही, त्यामुळे निवाडा होणार नाही.

भारतात शेतकऱ्याला खाली सापडलेल्या गॅसचा हिस्सा नाही, रॉयल्टी सरकारची. कोळसा-लोखंडाच्या जिल्ह्यांत २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो, तेल-वायूला ती तरतूद लागू नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तेल-वायूच्या शोधखोदाईला जनसुनावणीतून सूट दिली. उद्योगाचे म्हणणे असे की शोध म्हणजे उत्पादन नव्हे, त्यासाठी वर्षानुवर्षे थांबणे परवडत नाही. विरोधकांचे म्हणणे असे की गावाला बोलायची पहिली जागाच काढून घेतली.

महाराष्ट्राचा गॅस समुद्रातला. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागले, आणि तिथे शेजारी म्हणजे मच्छीमार. तेलविहिरींच्या फलाटाभोवती पाचशे मीटर प्रवेश बंद, तेल-वायूच्या सर्वेक्षणाच्या हंगामात जाळी काढून घ्या, एवढ्यावर पालघर-रायगडच्या कोळीवाड्यांची तक्रार उभी आहे. मासे कमी झाले ते सर्वेक्षणाने, की ट्रॉलरने, की पाणी तापल्याने, हा पुन्हा तोच ‘वाटणीचा’ प्रश्न. जमिनीवर आहे तो उरणचा प्रकल्प, जिथे ३ सप्टेंबर २०१९ च्या आगीत चौघे गेले, आणि वायुवाहिन्या. १९६२ च्या कायद्याने वाहिनीखालच्या जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कंपनीला वापराचा हक्क मिळतो, शेतकऱ्याला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात एक ओळ. त्या पट्ट्यात विहीर, घर, झाड काही चालत नाही. जमीन विकायला काढली की ती ओळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आधी भरते.

काय सुटलेले नाही

पहिली अडचण मोजण्याआधीच्या मोजणीची. खोदाईपूर्वी पाण्याचे, हवेचे, भिंतींचे काय होते याची नोंद नसेल तर नंतरचे प्रत्येक म्हणणे वादात अडकते. पेन्सिल्व्हेनियाने यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये नियम ताणला: खडकफोडीच्या गॅसविहिरीपासून अडीच हजार फुटांच्या आत वर्षभरात पाणी बिघडले तर दोष कंपनीचा मानायचा. त्यामुळे कंपन्या आधीच पाणी तपासू लागल्या. पण तडजोडीच्या करारांत गुप्ततेची अट असते, म्हणून ज्यांचे सर्वाधिक नुकसान झाले तेच रहिवासी अभ्यासकांशी बोलू शकत नाहीत. या विषयावरच्या प्रत्येक पाहणीत ही पोकळी आहे.

दुसरी अडचण निघून गेलेल्यांची. ज्यांना परवडले ते घर विकून गेले, ज्यांचे भाडे परवडेना ते गेले. दहा वर्षांनी प्रश्नावली घेऊन गेलेल्याला भेटतात ते राहिलेले. ‘लोकांना सवय झाली’ या निष्कर्षात किती सवय आणि किती स्थलांतर, हे वेगळे काढणे कठीण. भारताबाबत तर हाताशी येते ते मुख्यतः बातम्या, न्यायाधिकरणाचे आदेश आणि समित्यांचे अहवाल यांतून. म्हणजे लोकांचा आवाज नोंदला जातो तो स्फोटानंतरच. विहीर सुरळीत चालू असलेल्या गावाला कसे वाटते, हे विचारायला कोणी जात नाही.

तिसरी गोष्ट उपसा थांबल्यानंतरची. ग्रोनिंगेनच्या खडकातला दाब अजून समतोलाला आलेला नाही. बंद झाल्यावरही तिथे धक्के बसत आहेत. घरांचे मजबुतीकरण चालूच आहे, नुकसानीचे अर्ज येतच आहेत. विहिरी एकेक करून सिमेंटने बुजवल्या जात आहेत. धक्के मोजणारी यंत्रे मात्र जागच्या जागी ठेवली आहेत.